हलकं केलेलं मशीन

चारुलता आगाशे सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला होत्या. नोकरी नेमकी कसली, हे साताऱ्यात त्यांच्या आईला शेजारणींपुढं नीट सांगता येत नसे. त्या शिकवायला नव्हत्या, कारकूनही नव्हत्या. मशीन अडलं की सगळे त्यांना हाक मारत, आणि मशीन चालत असलं की त्या तिथं आहेत हे कुणाच्या ध्यानातही नसे. चाळिशी आलेली, लग्न केलेलं नाही, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि समोरच्याचं वाक्य पुरं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही ही सवय. पुष्कळांना ती सवय म्हणजे मंदपणा वाटे. मीटिंगमध्ये त्यांचं म्हणणं सुरू व्हायच्या आत विषय पुढं गेलेला असायचा.

त्यांच्या या सवयीचं ज्याला कौतुक होतं असा कॉलेजात एकच माणूस होता, लॅबचे शिपाई जोतीराममामा. पलटणीतून पेन्शनीवर आलेला, कडेगावजवळच्या एका गावचा उंच, सडपातळ गडी. लॅबच्या दाराशी ते पहाऱ्यावर बसल्यासारखे बसत. चपला बाहेर म्हणजे बाहेर, मग पाय प्राचार्यांचे का असेनात. मामांना बोलायला लय आवडे. बर्फातल्या चौकीची, मेसमधल्या भांडणांची, सुट्टीवर येताना चुकलेल्या गाडीची हकिकत ते रंगवून सांगत, मध्ये पाणी पीत, पुन्हा सांगत. चारुलताबाई डब्यातली पोळी हातात धरून ऐकत. मामा बायकोला म्हणाले होते, “चारूताईपुढं बोललं की बोललेलं वाया जात न्हाई.”

असल्या माणसाची जीभ आधी गेली.

सुरुवातीला शब्द नुसते जड झाले. कॉलेजात कुजबुज झाली की मामा घेऊन येतात. मामांनी आयुष्यात बाटलीला हात लावला नव्हता. तो आळ त्यांना दुखण्यापेक्षा जास्त लागला. मग मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की शिरा वाळत चालल्यात, हळूहळू सगळ्याच वाळतील, आणि यावर औषध नाही. नोकरी सुटली. पुढल्या दिवाळीपर्यंत बोलणं पार बंद झालं, पाय गेले, डावा हात गेला. उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं सांगितलेलं ऐकत होतं. डोकं मात्र पूर्वीइतकंच लख्ख होतं.

चारुलताबाई तासगाव, विटा करत एसटीनं त्यांना बघायला गेल्या, तेव्हा मामा सोप्यात बाजेवर टेकून बसलेले होते. भेटायला आलेली माणसं विचारत, “मामा, कसं काय?” आणि उत्तर लीलाबाई, म्हणजे मामी, देत, नाहीतर मामांचे थोरले बंधू आप्पासो देत. मामा एकदा विचारणाऱ्याकडं बघत, एकदा सांगणाऱ्याकडं. पेन बोटात राहत नव्हतं. मुलगी पूजा सांगलीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं पुठ्ठ्यावर बाराखडी लिहून दिली होती, म्हणजे दादांनी, वडिलांना ती दादाच म्हणे, बोटानं अक्षर दाखवावं. पण मामांनी पहिलं अक्षर दाखवलं की बघणारी माणसंच वाक्य पुरं करून टाकत. ‘प’वर बोट गेलं की तिघं पाण्याला पळत. मामांना पंखा हवा असायचा. आणलेलं पाणी मग ते कुणाचं मन मोडू नये म्हणून पिऊन टाकायचे.

चारुलताबाईंनी हे बघितलं आणि परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेर न बघता आपल्या हातांकडं बघत बसल्या. या माणसाला वाक्य स्वतःच पुरं करता आलं पाहिजे, एवढंच त्यांना वाटत होतं.

कॉलेजनं काही जुनी मशीनं मोडीत काढली होती. त्यातलं एक त्यांनी रीतसर परवानगीनं मागून घेतलं, मॉनिटर गोधडीत गुंडाळला आणि कडेगावच्या एसटीत खोकं पायाशी ठेवून तो मांडीवर घेऊन बसल्या. कंडक्टर म्हणाला, “बाई, पोराचं अर्धं तिकीट घेऊ का?” त्यावर अख्खी गाडी हसली. चारुलताबाईही हसल्या, पण गोधडीवरचा हात त्यांनी काढला नाही.

मशीन इतकं जुनं होतं की नव्यातलं काही त्यावर चालणं शक्य नव्हतं. मेमरी नावापुरती. त्यावर त्यांनी लिनक्स घातलं. एका मासिकाबरोबर त्याची सीडी फुकट आली होती आणि लॅबमध्ये वर्षभर त्याच्याशी झटापट करून ते त्यांना समजायला लागलं होतं. मराठी अक्षरं त्यात नव्हती. पण मामांचं त्यावाचून अडणार नव्हतं. पलटणीत ते रोमन अक्षरांत हिंदी लिहायला शिकले होते आणि घरी येणारी त्यांची मराठी पत्रंसुद्धा कधीकधी त्याच अक्षरांत येत. मामींना ती पोस्टमनकडून वाचून घ्यावी लागत.

पहिल्या दिवशी फजितीच झाली. मामा बटण दाबत, पडद्यावर काही नाही. ते वाट बघत, पुन्हा दाबत. मग आतल्या आत कुरकुर होऊन दोन्ही अक्षरं एकदम उमटत. बोट उचलायलाही त्यांना वेळ लागे, तेवढ्यात एका अक्षराची ओळ होऊन जाई. मामांच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण त्यात थकवा होता. चारुलताबाईंना लॅबमधला एक प्रसंग आठवला. पाठीवर भलं मोठं दप्तर घेऊन आलेल्या एका मुलाला मामा म्हणाले होते, “पिठ्ठू हलका कर की रं. चालायचं हाय का बसायचं हाय?”

मग दर रविवारी त्या साताऱ्याला आईकडं न जाता कडेगावला जाऊ लागल्या. आईनं नाराजी पत्रातून कळवली. मशीन सुरू होताना आपोआप जागी होणारी कामं त्यांनी शोधून काढली. एक टपाल पाठवायला बसलेलं, एक छपाईसाठी, एक दुसऱ्या मशीनची हाक ऐकायला. तिथं टपाल नव्हतं, छपाई नव्हती, आणि दुसरं मशीन पंचक्रोशीत नव्हतं. त्यांनी एकेकाला झोपवलं. चित्रांचा, खिडक्यांचा सगळा थाट काढला. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं एवढंच ठेवलं. लिनक्सचा गाभासुद्धा नको ते भाग वगळून नव्यानं बांधायला लावला. ते काम सकाळी सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं, आणि मामी अधूनमधून येऊन “शिजलं का?” म्हणून विचारून गेल्या. शेवटी त्यांनी बटणाचा स्वभाव बदलला. कितीही वेळ बोट टेकलेलं राहिलं तरी अक्षर पुन्हा उमटायची घाई होऊ नये.

त्यानंतर मामांनी बटण दाबलं आणि अक्षर बोटाबरोबर आलं. दुसरं दाबलं, तेही आलं. मामा थांबले. मग त्यांनी सावकाश एक वाक्य लिहिलं आणि चारुलताबाईंनी ते मामींना वाचून दाखवलं: ‘चहा गोड करू नको, मला पहिल्यापासून आवडत नाही.’

मामी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “आन् मग इतकी वर्सं मुकाट पीत हुता? जीब हुती तवा काय झालतं?”

मामांचे खांदे हसण्यानं हलत राहिले.

पुढचे काही महिने बरे गेले. मामा थोडं लिहीत, पण स्वतःचं लिहीत. बोट मात्र महिन्या-महिन्याला जड होत होतं. चारुलताबाईंना ते दिसे. मशीनमधून आणखी काय काढता येईल याचा त्या एसटीत विचार करत, आणि काढण्यासारखं आता फारसं उरलं नव्हतं.

उसाच्या तोडी सुरू झाल्या तेव्हा पूजाला स्थळ आलं. मुलगा शिवतेज, लोणंदकडचा, पलटणीत. त्याचे वडील लालासाहेबही फौजेतूनच निवृत्त झालेले. घर चांगलं, मुलगा सरळ. कुणालाही खोट काढता आली नसती. आप्पासोंचं म्हणणं, मुलाची सुट्टी संपायच्या आत उरकून टाकू. जोतीरामच्या डोळ्यांदेखत पोरीच्या डोक्यावर अक्षता पडू देत. अख्खं गाव तेच म्हणत होतं, आणि म्हणणाऱ्या प्रत्येकाचे डोळे भरून येत होते. पूजा चुलीपुढं बसून चारुलताबाईंना म्हणाली, “दादांना बघायचंय म्हणतात सगळे. दादांनी कवा सांगितलं असं?” तिचं अजून एक वर्ष राहिलं होतं. लोणंदला गेल्यावर ते व्हायचं नाही, हे तिला दिसत होतं. पण मरणाच्या वाटेवरच्या बापाचं नाव पुढं केल्यावर ती बोलणार कशी?

मामांनी त्या रविवारी चारुलताबाईंना लिहून दाखवलं: ‘माझ्यासाठी घाई करू नका. पूजाचं शिक्षण पुरं होऊ द्या. मग लग्न.’ लिहिताना त्यांना मध्ये दोनदा विसावा घ्यावा लागला.

आप्पासोंना रोमन अक्षरं येत नव्हती. चारुलताबाईंनी त्यांना ते वाचून दाखवलं. आप्पासो वाईट माणूस नव्हे. भावाला उचलून अंघोळीला नेणारा तोच. पडद्याकडं बघून ते म्हणाले, “ताई, ह्यो माजा पाठचा भाऊ. त्याच्या मनातलं मला मशीननं सांगाया पायजे व्हय? मला तरास नको म्हणून म्हंतोय त्यो.” चारुलताबाई पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. मग आप्पासोंनाच राहवलं नाही. “बरं. बैठकीत सांगू दे त्याला. सुपारी फुटायच्या आदी चार माणसांत सांगू दे. मी आडवा येणार न्हाई.”

मामांच्या डोळ्यांत त्या दिवशी चमक आली. पोरीचा बाप बैठकीत बोलणार होता. लालासाहेब फौजी, त्यांना रोमन वाचता येणार. पाहुण्यांसमोर मामांचं वाक्य दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

चारुलताबाईंना मात्र एक घोर लागला. लालासाहेब बसणार भिंतीकडेला, लोडाला टेकून. वयस्कर माणूस. काळ्या पडद्यावरची बारीक अक्षरं त्यांना तिथून कशी दिसणार? आणि पाहुण्यांना उठून मशीनपाशी यायला लावणं बरं दिसलं नसतं. घरानं सोप्याला सारवण घातलं होतं, मामींनी ठेवणीतली सतरंजी काढली होती, मामांना नवा फेटा आणला होता. सगळं घर पाहुण्यांसाठी नटलं असताना मशीनच तेवढं उघडंबोडकं ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं. म्हणून त्यांनी काढून टाकलेला खिडक्यांचा थाट त्या एका दिवसापुरता पुन्हा घातला. मामांचं वाक्य साठवून ठेवलं आणि एक बटण ठरवलं. ते दाबलं की पांढरी खिडकी उघडेल आणि हाताएवढ्या अक्षरांत वाक्य दिसेल. मामांना त्या वेळी लिहीत बसायचे कष्टही नकोत.

बैठकीच्या सकाळी त्यांनी बटण दाबून बघितलं. खिडकी झटकन उघडली. बंद करून पुन्हा दाबलं. पुन्हा उघडली. मामांनाही एकदा दाबू द्यावं असं त्यांच्या मनात आलं होतं, पण तेवढ्यात दाढी करायला न्हावी आला, मग फेटा बांधायला दोघं आले, आणि अंगणात जीप वाजली.

बैठक रीतीप्रमाणं सुरू झाली. पाऊसपाणी झालं, ऊस झाला, कुणाची सोयरीक कुठं याची उजळणी झाली. चारुलताबाई मशीनच्या बाजूला भिंतीला चिकटून उभ्या होत्या. बायका आत, पुरुष बाहेर, आणि त्या मशीनमुळं मधल्या उंबऱ्यावर असल्यासारख्या. पूजा दाराआड होती. तिच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा येत नव्हता.

मुलाच्या सुट्टीतलीच तारीख धरून सगळं ठरल्यावर आप्पासोंनी पानाचं तबक पुढं ओढलं, अडकित्ता हातात घेतला आणि विचारलं, “मंडळी, कुणाचं काय म्हणणं असंल तर आताच सांगा.” हा प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारतात आणि त्याला कुणी उत्तर देत नाही. आज मात्र आप्पासोंनी मान वळवून भावाकडं बघितलं.

मामांनी बोट बटणावर टेकवलं.

पडदा होता तसाच राहिला. खोक्यावरचा तांबडा दिवा लुकलुकू लागला आणि आतून कुरकुर सुरू झाली. क्षणात चारुलताबाईंना सगळं कळलं. अक्षर पुन्हा उमटायची घाई त्यांनी मोडली होती ती काळ्या पडद्यापुरती. खिडक्यांच्या थाटाचा कारभार वेगळा असतो, तिथं ते नव्यानं सांगावं लागतं. त्यांनी तपासलं होतं ते स्वतःच्या बोटानं, टेकलं की उचललं जाणाऱ्या. मामांचं बोट उचललं गेलं नव्हतं. मशीनला वाटत होतं, हा माणूस पुन्हा पुन्हा सांगतोय. ते एकावर एक खिडक्या उघडायला धावत होतं, मेमरी संपली होती, आणि एकही खिडकी धड उघडत नव्हती. त्यांनी हात घालून मामांचं बोट उचललं, मशीन थोपवायची बटणं दाबली. ते आता त्यांचंही ऐकेना.

आप्पासो थांबले होते. खरंच थांबले होते. पडद्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं. मामा सगळा जीव डोळ्यांत आणून पडद्याकडं बघत होते, आणि ताणानं त्यांची मान खाली गेली. हल्ली ती अशीच जायची.

“हां,” बाजूचं कुणीतरी समाधानानं म्हणालं, “बापानं मान हलीवली.”

चारुलताबाईंनी तोंड उघडलं. ‘थांबा’ एवढंच म्हणायचं होतं. पण वाक्य मामांचं होतं, ते त्यांनीच सांगायचं असं ठरलं होतं, आणि आयुष्यभर दुसऱ्याचं संपायची वाट बघितलेल्या माणसाला मध्ये बोलायचं कसं हेच सुचत नाही. अडकित्ता कट्‌ वाजला. सुपारी फुटली. कुणी साखर वाटली, कुणी आत बायकांना हाक मारली.

आणि मग पडद्यावर पांढरी खिडकी उघडली. तिच्यावर दुसरी, त्यावर तिसरी. तेच वाक्य हाताएवढ्या अक्षरांत एकावर एक येत राहिलं.

लालासाहेबांनी साखरेचा हात तसाच धरला. त्यांना भिंतीकडेनं सगळं स्वच्छ दिसत होतं. “थांबा जरा,” ते म्हणाले, आणि फौजेतला हुकूम वाचावा तसं एकेक शब्द सुटा करून त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. आप्पासोंच्या तळहातावर सुपारीचं अर्धं खांड होतं. मूठ मिटावी की ते खाली ठेवावं हे त्यांना कळेना.

लालासाहेब उठून बाजेपाशी आले आणि मामांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले. “जोतीराम, तू बी फौजी, मी बी फौजी. तारखेसकट सुपारी फुटली हाय. परत फिरवली तर दोन्ही घरांचं नाव जाईल, ह्ये तुला बी ठावं हाय. पर तुजी पोरगी हाय. तू म्हणशील त्ये मी ऐकंन. सावकाश सांग. आमी बसलोय.”

आणि सगळे खरोखरच बसले. आयुष्यात पहिल्यांदा अख्खी बैठक जोतीराममामांचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत बसली. तोवर मशीनला उसंत मिळाली होती. चारुलताबाईंनी खिडक्या मोडून काढल्या, थाट बंद केला, काळा पडदा आणला.

मामांनी आधी दाराकडं बघितलं. पूजाचा पदर तेवढा दिसत होता. मग त्यांनी भावाकडं बघितलं. आप्पासो जमिनीकडं बघत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी चाललं होतं. ते पुसायला एक हात मोकळा होता, पण तो त्यांच्या ध्यानात नव्हता. सुपारी फुटल्यावर लग्न मोडलेल्या पोरीबद्दल गावोगाव काय बोलतात, ते मामांनी अशाच सोप्यांतून ऐकलेलं होतं.

त्यांनी बोट टेकवलं. अक्षर आलं. बोट उचलायला वेळ लागला, पण अक्षर एकच राहिलं. पुढचं आलं. त्याच्या पुढचं आलं. चारुलताबाई पडद्याकडं एकटक बघत होत्या. कुठंतरी अडावं, एखादं अक्षर तरी अडकून राहावं, म्हणजे थोडा वेळ मिळेल, असं त्यांना वाटत होतं. एकही अडलं नाही. इतकं हलकं ते मशीन कधीच चाललं नव्हतं.

लालासाहेबांनी वाचलं: “‘ठीक आहे. लग्न होऊ द्या. उशीर मला झाला. आप्पा, पाहुण्यांना जेवायला वाढा.’”

दाराआडचा पदर हलला आणि आत गेला. थोड्या वेळानं आतून ताटं मांडल्याचा आवाज येऊ लागला.